मोठी गोधडी हाताने शिवताना: बसायचं कसं, वजन टेकवायचं कुठं

डबल बेडची गोधडी साधारण ९० बाय १०० इंचांची होते. एकेक इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या ठरवल्या, तर १०० इंच लांबीच्या ९० ओळी. म्हणजे ९,००० इंच, सुमारे २२८ मीटर शिलाई. इंचाला तीन टाके धरले तर २७,००० टाके. सुईवर एका वेळी चार टाके भरून घेतले, तरी सुई पावणेसात हजार वेळा ओढून काढायची. आता वजनाचं बघू. साध्या सुती कापडाचं वजन चौरस मीटरला १२० ग्रॅमच्या आसपास धरा. या मापाचा एक थर ७०० ग्रॅम भरतो. चार थरांची गोधडी पावणेतीन किलोंच्या घरात जाते आणि सहा थरांची चार किलोंच्या वर.

हे आकडे कुणाला घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. सुई-दोरा हातात घेण्याआधी बैठकीचा विचार का करायचा, ते त्यातून कळतं. तान्ह्या बाळाचं दुपटं मांडीवर घेऊन कुठंही, कसंही बसून शिवता येतं. मोठ्या गोधडीला तसं केलं की थोड्याच दिवसांत मान आखडते, अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो आणि गोधडी घडी होऊन माळ्यावर जाते. आईच्या, आजीच्या साड्या काढलेल्या असतात, मनापासून हौस असते आणि काम मात्र अर्ध्यावर राहतं. मला याची फार हळहळ वाटते, कारण बहुतेक वेळा फक्त बसण्याची जागा बदलली असती तर ती गोधडी पुरी झाली असती.

पुढे जे काही सांगितलं आहे, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गोधडीचं वजन जमिनीने, टेबलाने किंवा चौरंगाने पेलायचं. हातांकडे फक्त टाके घालायचं काम ठेवायचं.

थर ठरवताना मनगटाचा विचार

बैठक कितीही चांगली जमवली, तरी सुईच कापडातून जात नसेल तर त्या सोयीचा काही उपयोग नाही. म्हणून मोठ्या गोधडीला हात घालण्याआधी वीतभर लांबी-रुंदीचा एक नमुना करा. जे कापड वापरणार त्याचेच, जेवढे थर घालणार तेवढेच तुकडे एकावर एक ठेवा आणि तीन-चार ओळी शिवून पाहा. सुई ढकलताना बोट दुखलं, ओढताना दात-ओठ खावे लागले, तर एक थर कमी करा. अख्ख्या गोधडीत हा एक थर कमी करणं बाकी कुठल्याही युक्तीपेक्षा जास्त आराम देतं.

सुईला सगळ्यात सुखाची ती पुष्कळ धुतलेली सुती साडी. नव्या कापडात खळ असते, ते आधी गरम पाण्यात भिजवून धुऊन घ्या. घट्ट विणीच्या चादरी अस्तराला लावण्याचा मोह होतो, कारण जोड लागत नाही. पण त्या विणीत सुई अडते. कृत्रिम धाग्याच्या साड्या सुळसुळतात, थर जागचे हलतात आणि दोन्ही हातांनी धरून ठेवण्यात शक्ती जाते. जरीचा काठ असेल तर तो आतल्या थरात येऊ देऊ नका. कापून वेगळा ठेवा आणि शेवटी वरून शोभेला लावा.

साड्यांचा हिशोब सोपा आहे. नऊवारी म्हणजे ३२४ इंच, तिचे १०८ इंचांचे तीन तुकडे होतात. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो, म्हणून दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर. दोन नऊवारींत तीन थर बसतात. साडेपाच मीटरच्या पाचवारीत जेमतेम एक थर निघतो. मात्र सगळ्या थरांचे जोड बरोबर मधोमध आले, तर तिथे शिवणीचा एक जाड कणा तयार होतो आणि प्रत्येक आडव्या ओळीत सुई तिथे अडखळते. एका थरात जोड मध्यावर ठेवा. दुसऱ्या थरात एक तुकडा अख्खा मधे घ्या आणि एक तुकडा उभा चिरून त्याच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंना लावा. जोड विखुरले की सुई एकसारखी चालते.

पॉलिफिलचं, म्हणजे कृत्रिम तंतूंच्या भरावाचं शीट मधे घालणार असाल तर पातळ घ्या. फुगीर शीटवर हाताने बारीक टाका येत नाही आणि गोधडीचा आकारही आवरत नाही.

अंथरायचं खाली, पण गुडघे सांभाळून

थर अंथरून कच्चे टाके, म्हणजे थर जागी धरणारे आणि नंतर काढून टाकायचे लांब टाके, घालणं हा सगळ्या कामातला शरीराला जड जाणारा भाग. नेमका तोच घाईघाईने उरकला जातो. त्याला एक स्वतंत्र दिवस द्या आणि जमलं तर दुसरं माणूस मदतीला घ्या.

फरशी पुसून कोरडी करा. अस्तराचा थर उलटी बाजू वर करून पसरा. फरशीच्या सांध्यांच्या रेषा असतात, त्यांना कापडाची कड लावून घेतली की चौकोन आपोआप सरळ बसतो. मग चारही कोपरे आणि कडांचे मध्यबिंदू मास्किंग टेपने फरशीला चिकटवा. कापड ताणलेलं दिसावं, खेचलेलं नको. खेचून चिकटवलं तर टेप काढल्यावर अस्तर आकसतं आणि वरचे थर चुरगळतात. त्यावर मधले थर एकेक करून पसरा आणि प्रत्येक थर मध्यापासून कडांकडे तळहाताने सपाट करत जा. शेवटी वरचा, डोळ्यांना दिसणारा थर.

कच्चे टाके मोठ्या, लांब सुईने आणि पांढऱ्या किंवा विटक्या रंगाच्या स्वस्त दोऱ्याने घाला. टाका दोन इंचांचा चालतो. ओळींत चार ते सहा इंचांचं अंतर ठेवा, उभ्या आणि आडव्या दोन्ही ओळी घ्या. सेफ्टी पिनांनी हे काम लवकर होतं, पण हाताने शिवताना दोरा प्रत्येक पिनेत अडकतो आणि शेकडो पिनांचं वजन गोधडीत वाढतं. मशीनवर शिवणाऱ्यांना पिना ठीक. हाताच्या कामाला कच्चा दोराच हवा.

गुडघ्यांखाली जाड घडीचं ब्लँकेट किंवा योगाची चटई घ्या. रांगत मध्यापर्यंत जाण्याऐवजी एका कडेचं झालं की उठून दुसऱ्या कडेला जा. ज्यांना खाली बसणं जमतच नाही, त्यांनी जेवणाच्या टेबलावर हे करावं. गोधडीचा मधला भाग टेबलावर घ्या, चारही बाजू खाली समान लोंबू द्या, कडांना चिमटे लावा. मधल्या भागाचे कच्चे टाके झाले की चिमटे काढून गोधडी एका बाजूला सरकवा. दर वेळी खालचं अस्तर हात घालून सपाट करावं लागतं, वेळ जास्त लागतो, पण पाठ वाचते.

जमिनीवर बसून शिवायचं असेल

साताऱ्या-कोल्हापूरकडे ज्यांनी वाकळ, म्हणजे तिकडची गोधडी, शिवताना बायकांना पाहिलं आहे, त्यांना ती बैठक आठवत असेल. वाकळ ओसरीवर सपाट पसरलेली, शिवणारी बाई तिच्या कडेवर बसलेली, एक पाय दुमडून, दुसऱ्या पायाचा गुडघा उभा. कापडाखाली हात घालायचाच नाही. डाव्या हाताच्या बोटांनी कापड वरूनच चिमटीत थोडं उचलायचं, सुई आत घालून पुढे लगेच वर काढायची. शिवून झालेल्या भागावर बसून पुढे सरकत जायचं. वाकळीचं वजन पूर्ण वेळ जमिनीवर. वर सांगितलेली गोष्ट या बैठकीत शंभर टक्के पाळली जाते, म्हणून तर चार-चार, पाच-पाच किलोंच्या वाकळी या पद्धतीने पुऱ्या होतात. तिघीचौघींना एकाच वाकळीवर एकदम बसायचं असेल तर आजही याहून चांगली सोय नाही.

तिची अडचण एकच, पाठीला आणि गुडघ्यांना सवय लागते. लहानपणापासून जमिनीवर बसणाऱ्याला हे सहज जमतं. खुर्चीवर आयुष्य गेलेल्याने एकदम तासभर बसू नये. थोडी मदत घेता येते:

पाटावर किंवा घट्ट घडीच्या चादरीवर बसा. बैठक गुडघ्यांपेक्षा दोन-तीन इंच वर आली की कंबर आपोआप सरळ राहते. हा फरक एवढा मोठा आहे की आधी हाच करून पाहा. पाठ भिंतीला लावा, मधे लोड ठेवा. समोर १० ते १२ इंच उंचीचा चौरंग घ्या आणि गोधडीचा शिवायचा भाग त्यावर ठेवा. मान खाली घालून जमिनीकडे बघत शिवण्यापेक्षा काम वीतभर वर आलं की मानेचा ताण खूप कमी होतो. चौरंगाच्या कडा टोकदार असतील तर त्यावर टॉवेल गुंडाळा, मनगट त्यावर टेकतं. बाकीची गोधडी चौरंगाच्या तिन्ही बाजूंना जमिनीवर पसरलेली राहते.

पाय मुंग्या येईपर्यंत एकाच मांडीवर बसू नका. दोरा संपला की मांडी बदला.

टेबल आणि खुर्ची

शहरातल्या घरात आणि चाळिशीच्या पुढच्या गुडघ्यांना मी हीच बैठक सुचवेन. खुर्ची बिनहाताची हवी. हात असले की कोपर उघडावे लागतात, खांदे वर चढतात आणि गोधडी हातांवर अडकते. बैठकीची उंची अशी की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवा. अनेकांना डाव्या पायाखाली चार-सहा इंचांचं काही घेऊन तो गुडघा थोडा वर आणलेला सुखाचा वाटतो, कारण कामाला तिथे एक उतार मिळतो.

कामाची उंची कोपराइतकी. खांदे सैल सोडून कोपरात हात वाकवा. हात जिथे येतील तिथे टाके पडायला हवेत. जेवणाचं टेबल साधारण ३० इंचांचं आणि खुर्ची १८ इंचांची असते. ठेंगण्या माणसाला हे टेबल उंच पडतं. तेव्हा टेबलाची उंची बदलण्यापेक्षा खुर्चीवर घट्ट उशी घ्या आणि पायाखाली पाट वाढवा.

आता मुख्य गोष्ट, बाकीची गोधडी कुठे ठेवायची. उजव्या हाताने शिवणाऱ्याचं टेबल समोर आणि डावीकडे असावं, गोधडीचा मोठा भाग तिथे चुण्यांच्या घडीत, साडीच्या निऱ्यांसारखा रचलेला. गुंडाळी करू नका. गुंडाळी जड होते, एका जागी ओझं जमतं आणि सरकवायला दोन्ही हात लागतात. चुण्या मात्र हव्या तेवढ्या सोडता येतात. उजवीकडे आणखी एक खुर्ची किंवा स्टूल ठेवा, शिवून झालेला भाग तिच्यावर जाईल. मांडीवर फक्त फूट-दीड फूट कापड. डावखुऱ्यांनी ही सगळी रचना उलटी करावी.

घरात उंची बदलणारं इस्त्रीचं टेबल असेल तर ते सोन्यासारखं आहे. ते हवं त्या उंचीला लावून मांडीच्या वर, पोटाजवळ आडवं घेता येतं. त्याला कापडी गादी असते, म्हणून गोधडी त्यावरून घसरत नाही.

मांडणी बरोबर झाली का, हे तपासायला दोन्ही हात गोधडीवरून काढा आणि मागे टेकून बसा. गोधडी जागच्या जागी राहिली तर ठीक. कुठल्याही बाजूला सरकू लागली, तर त्या बाजूचा आधार कमी आहे आणि शिवताना तो ओढा तुमचा डावा हात पेलणार आहे. लोंबणारं टोक उचलून खुर्चीवर ठेवा, पुन्हा हात काढून पाहा. रोज बसताना हे करायला अर्धं मिनिट लागतं.

रिंग, फ्रेम, की मोकळे हात

जुन्या साड्यांची, नीट कच्चे टाके घातलेली गोधडी मोकळ्या हातांनी शिवावी असं माझं स्पष्ट मत आहे. साडीचे थर एकमेकांना धरून राहतात, कापड ताणून धरणारी रिंग लागत नाही. मोकळ्या कापडात सुईऐवजी कापड हलवता येतं, आणि मनगट सरळ राहतं.

मधे पॉलिफिल किंवा सुती वॅडिंग (कापसाचा पातळ थर) असेल तर गोष्ट वेगळी. थर फुगीर असल्याने ते सपाट धरून ठेवणारं काहीतरी हवं. भरतकामाची पातळ रिंग इथे चालत नाही, जाड थरांनी तिचा स्क्रू ओढला जातो. १४ ते १६ इंच व्यासाची, रुंद पट्टीची लाकडी रिंग घ्या. याहून मोठी घेतली तर मध्यापर्यंत हात पोचत नाही आणि खांदा पुढे येतो. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, म्हणजे कापड घसरत नाही. आणि कापड ताठ ताणू नका. वरून बोटाने दाबल्यावर इंचभर खाली जायला हवं. ताठ कापडात सुई वर-खाली झुलवता येत नाही, एकेक टाका वेगळा घ्यावा लागतो आणि काम चौपट होतं. रिंगची एक कड टेबलावर टेकवा, दुसरी मांडीवर. हाताने धरून ठेवायची नाही. दिवसाचं काम संपलं की रिंग काढून ठेवा, नाहीतर वळ पडतात.

घरी फ्रेम करायची असेल तर एक इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, दोन २८ इंचांचे आणि दोन २० इंचांचे, चार कोपऱ्यांना एल्बो लावून चौकट होते. हार्डवेअरच्या दुकानात पाइप कापून मिळतो. कापड पकडायला त्याच पाइपचे लहान तुकडे लांबीत चिरून, फट रुंद करून, चिमट्यांसारखे वरून बसवायचे. चिरलेल्या कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर कापडाला फाडतात. ही चौकट हलकी असते आणि टेबलाच्या कडेवर तिरकी टेकवता येते.

अमेरिकेत मोठ्या क्विल्टसाठी तीन दांड्यांची लाकडी फ्रेम वापरतात. वरचा थर, अस्तर वेगवेगळ्या दांड्यांवर गुंडाळलेले असतात, त्यामुळे कच्चे टाके घालावेच लागत नाहीत आणि वजन सगळं लाकडावर. सोय उत्तम आहे, पण तिला एका खोलीची एक बाजू कायमची द्यावी लागते. तेवढी जागा असेल आणि वर्षाला दोन-तीन मोठ्या गोधड्या शिवायच्या असतील तरच सुतारापर्यंत जा.

कडेपासून की मध्यापासून

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कडेपासून सुरुवात करून चौकोनातून चौकोन काढत मध्याकडे जातात. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजाच्या कवंदीतही, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, सुई कोपऱ्यापासून कडेकडेने आत जाते. गोधडी जमिनीवर सपाट पसरलेली असते आणि प्रत्येक ओळीआधी कापड हाताने पुढे सारखं केलं जातं, म्हणून हे साधतं.

टेबलावर, मांडीवर किंवा रिंगमधे शिवणार असाल तर मात्र मध्यापासून बाहेर या. तिथे गोधडी सपाट नसते, थर किंचित सरकतात आणि जास्तीचं कापड शिलाईच्या पुढे ढकललं जातं. कडा आधीच बांधलेल्या असतील तर ते सगळं मध्यावर जमून फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. मध्यापासून निघालात तर जास्तीचं कापड कडेला जातं आणि शेवटी कापून टाकता येतं. म्हणून बैठक आधी ठरवा, शिलाईची दिशा त्यावरून.

बसल्या जागी शिवण्याची दिशाही सांभाळायची. उजव्या हाताला उजवीकडून डावीकडे आणि थोडं स्वतःच्या दिशेने शिवणं सोपं. ओळ लांब गेली, वळली की अंग वळवून तिच्या मागे जाऊ नका; गोधडी फिरवा. मोठी गोधडी फिरवायचा कंटाळा येतो आणि कंबर तिरकी करून ‘एवढी ओळ संपवते’ म्हणत बसलं जातं. तिथेच पाठ धरते. उलटसुलट ओळी असतील तर दोन-तीन सुया ओवून ठेवा. एका दिशेच्या चार ओळी हात पोचेल तेवढ्या शिवा, सुया तिथेच टोचून ठेवा, मग गोधडी एकदाच फिरवा.

सुई ओढणारा हात

अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीने सुई खेचणं, हे हाताला सगळ्यात जास्त थकवतं. सुई ढकलायला मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिवणाची बोटटोपी, घाला. सुरुवातीला ते परकं वाटतं, पण चार दिवस न काढता वापरलं की बोटाला त्याची सवय होते. लोखंडी रुचत नसेल तर चामड्याचं करून घ्या. ओढायला तर्जनीवर नोटा मोजायची रबरी टोपी घाला. फुग्याचा एक तुकडा चिमटीत धरला तरी पकड बसते आणि दाबावं लागत नाही. जोडावर सुई अडकलीच तर लहान पक्कड जवळ असू द्या, बोटांची परीक्षा घेऊ नका.

सुईचा नंबर वाढत जातो तशी ती बारीक होत जाते, हे लक्षात ठेवा. साड्यांच्या तीन-चार थरांना मध्यम जाडीची, मोठ्या डोळ्याची सुई बरी. फार बारीक सुई जाड थरांत वाकते आणि ती सरळ ठेवण्यातच बोटं आखडतात. एका गोधडीत तीन-चार सुया तरी बोथट होतात. सुई कचकन आवाज करत जाऊ लागली की बदला. दोरा हातभर, म्हणजे १८ ते २० इंच. लांब दोरा घेतला की प्रत्येक टाक्याला खांद्यातून हात उघडावा लागतो, गाठी पडतात, दोरा झिजतो. सुती दोऱ्यावरून मधमाश्यांच्या मेणाची वडी एकदा फिरवली तर तो सहज सरकतो.

गोधडीखाली डावा हात ठेवून शिवत असाल, तर ज्या बोटाला सुईचं टोक लागतं त्याला कापडी चिकटपट्टी लावा.

उजेड आणि चष्मा

मान पुढे येण्याचं कारण बऱ्याचदा डोळे असतात. उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड डाव्या बाजूने, खांद्याच्या वरून यायला हवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दिवसा खिडकीपाशी बसा, संध्याकाळी मान वळणारा टेबललॅम्प वापरा. छताच्या एकट्या ट्यूबलाइटवर शिवू नका, डोक्याची सावली बरोबर कामावर पडते. गडद साडीवर गडद दोऱ्याचं काम दिवसासाठी राखून ठेवा.

वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो. गोधडी टेबलावर असेल तर डोळ्यांपासून तिचं अंतर याहून जास्त भरतं, म्हणून माणूस नकळत वाकतो. घरी कुणाला तरी टेप धरायला सांगून डोळा ते टाका हे अंतर मोजा आणि पुढच्या वेळी डोळे तपासायला जाल तेव्हा ते सांगा. बायफोकल वापरणारे काचेच्या खालच्या भागातून बघण्यासाठी हनुवटी वर करतात आणि मान मागे आखडते. त्यांनी शिवणासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा. गोधडी शिवणाऱ्याला याहून चांगली भेट देता येणार नाही.

किती वेळ बसायचं

घड्याळ लावण्यापेक्षा दोऱ्याचा हिशोब सोपा. दोन किंवा तीन दोरे संपले की उठायचं, पाणी प्यायचं, खांदे मागे फिरवायचे, बोटं पूर्ण उघडून मनगट हलकं मागे वाकवायचं. आधीच दहा सुया ओवून ठेवल्या तर हा थांबा हरवतो, म्हणून तसं करू नका. दिवसात दोनदा अर्धा-अर्धा तास बसणं, एकदाच तीन तास बसण्यापेक्षा गोधडी लवकर पुरी करतं, कारण दुसऱ्या दिवशी हात दुखत नाही.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. शिवण थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तेल चोळत महिनाभर काढू नका.

उन्हाळ्यात मांडीवर चार थर घेऊन बसवत नाही. तेव्हा चौरंग किंवा इस्त्रीच्या टेबलाची रचना जास्त सोसते, कारण कापड अंगाला लागत नाही.

जागा अगदीच कमी असेल तर

एका खोलीच्या घरात ९० बाय १०० इंच अंथरायलाही जागा नसते. गोधडी दोन किंवा तीन उभ्या भागांत करा. ४५ इंच रुंदीचा एकेक भाग वेगळा अंथरून, कच्चे टाके घालून, पूर्ण शिवून घ्या. फक्त ज्या कडा पुढे जोडायच्या आहेत, तिथे दोन-दोन इंच शिलाई मोकळी सोडा. प्रत्येक भागाचं वजन निम्मं, फिरवणं सोपं, आणि एक भाग पुरा झाल्याचा आनंद मधेच मिळतो.

जोडताना दोन्ही भागांचे वरचे थर सुलट्यावर सुलटं ठेवून शिवा. मधले थर कापून कडेला कड भिडवा, एकावर एक चढवू नका, नाहीतर कणा येतो. अस्तराची एक बाजू सपाट ठेवा, दुसरीची कड आत दुमडून तिच्यावर हेमिंग करा, म्हणजे बारीक टाक्यांनी ती शिवून टाका. मग मोकळ्या सोडलेल्या चार इंचांत धावदोऱ्याच्या ओळी पुऱ्या करा. अख्खी गोधडी मांडीवर घ्यायची वेळ येते ती फक्त या शेवटच्या ओळींसाठी. तेव्हा जोड टेबलाच्या कडेला समांतर, स्वतःच्या पुढ्यात घ्या, एक भाग टेबलावर आणि एक मांडीवरून पलीकडच्या खुर्चीवर.

काठ लावताना रचना बदला

सगळ्या ओळी झाल्या, कच्चा दोरा काढला, कडा कापून सरळ केल्या, की काठ उरतो. आतापर्यंत काम गोधडीच्या पोटात होतं, आता ते कडेवर येतं, म्हणून जुनी मांडणी इथे गैरसोयीची होते. गोधडी पूर्णपणे टेबलावर किंवा पलंगावर ठेवा आणि फक्त कडेचा वीतभर भाग स्वतःकडे येऊ द्या. पलंगाच्या बाजूला खुर्ची लावून बसणं याला सगळ्यात सोयीचं. गादी आणि मांडी जवळपास एका उंचीवर येतात, गोधडी लोंबत नाही, आणि कड पुढे ओढली की बाकीची सरकत येते. काठ आधी एका बाजूने सुलट्यावर शिवून, उलटून, मागच्या बाजूला हेमिंग करा. कोपऱ्यांपाशी थर दुप्पट होतात, तिथे जाड सुई आणि पक्कड घ्या, आणि चारही कोपरे एकाच दिवशी करायला बसू नका.